मुसाइदची चांदमारी

मुसाइद रियाधहून बुरैद्याला आला तो १९९१च्या जानेवारीत, रियाधवर इराकचं पहिलं स्कड क्षेपणास्त्र पडल्यानंतर चार दिवसांनी. गाडीत कपड्यांच्या बॅगा, गॅसचा मुखवटा आणि चामड्याच्या खोळीत एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल. आमच्या कफीलचा, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही आलो त्या मालकाचा, अबू सालेहचा, तो पुतण्या. वय पंचवीस-सव्वीस.

अबू सालेहच्या खजुराच्या शेतावर आम्ही अकरा माणसं होतो. मी पंप आणि जनरेटर बघायचो. त्याआधी सतरा वर्षं फौजेत आर्मरर होतो, पलटणीची हत्यारं दुरुस्त करायचो, आणि हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. शेतावर हे एकट्या हाशमला ठाऊक. हाशम दापोलीकडचा, पंपावर माझा जोडीदार. त्यानेच बोलता बोलता मुसाइदला सांगितलं, "हा विश्वनाथ आमचा हवालदार आहे, याला बंदुकीतलं सगळं कळतं."

पहिल्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर मुसाइद आम्हा सगळ्यांना शेताच्या टोकाला घेऊन गेला. तिथे वाळूची मोठी टेकडी होती. टोमॅटोच्या पेस्टचे दहा डबे टेकडीच्या पायथ्याशी मांडले. एकदा चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप चढलेली, हाताला काही करायला नको. त्याने धडाधड दहा गोळ्या झाडल्या. दोन डबे पडले, बाकी गोळ्या टेकडीच्या माथ्यावरून कुठे गेल्या ते अल्लालाच ठाऊक. मग त्याने डबे पुन्हा मांडले, मॅगझिन भरलं आणि रायफल माझ्या हातात दिली.

नको म्हणायला हवं होतं. पण मी बट खांद्याला लावला, गाल टेकला, आणि दहा गोळ्यांत नऊ डबे उडवले. सात-आठ सेकंद लागले असतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मजा आली. खांद्याला बसणारे ते धक्के, ती लय, एक डबा पडायच्या आत दुसऱ्यावर गेलेली नजर. सहा वर्षं मी या वाळूत ग्रीस चोपडत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मला उस्ताद म्हटलं.

"इराकी आले तर असंच मारायचं, ना उस्ताद?" मुसाइदने विचारलं. त्याची हिंदी मोडकी, माझी अरबी मोडकी, पण आमचं भागायचं.

मी त्याला समजावलं. भराभर गोळ्या मारायचा उपयोग एवढाच, की समोरच्याने मुंडी वर काढू नये आणि तेवढ्यात आपल्या माणसाने जागा बदलावी. नाहीतर पहिली गोळीच कामाची. नळी प्रत्येक गोळीला वर उसळते, ती जागेवर आल्याशिवाय दुसरी मारली तर ती वाया. आणि मागे मातीचा नाहीतर वाळूचा जाड बंधारा हवा. फौजेत बंधाऱ्याशिवाय चांदमारी होत नाही.

तो शिकला. दुसऱ्या शुक्रवारी त्याचे सहा डबे पडले. त्याने मला मिठी मारली, सगळ्यांना कबाब खाऊ घातले. माणूस वाईट नव्हता. पण त्याला आजवर कोणी 'थांब' म्हटलं नव्हतं, आणि मीही म्हटलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी वारा सुटला होता. वाळू डोळ्यांत जायला लागली तशी मुसाइदने डबे उचलून पंपाच्या खोलीजवळ आणले. तिथे आडोसा होता. सिंचनाच्या जुन्या लोखंडी पाइपांचा ढीग होता, त्यावर त्याने डबे मांडले.

मी म्हटलं, "इथे नको. मागे लोखंड आहे. गोळी उलटेल."

"उस्ताद घाबरला," तो हसून म्हणाला. बाकीचेही हसले.

मी दोन पावलं बाजूला झालो. बस, एवढंच केलं मी. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस, रायफल हातातून काढून घ्यायची सोडून बाजूला झालो. का, तर तो मालकाचा पुतण्या आणि माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात.

मुसाइद गोळ्या झाडत सुटला. चौथी की पाचवी गोळी पाइपावरून किंचाळत गेली. पंपाच्या खोलीतून हाशमचा आवाज आला. धावत आत गेलो तर तो पंपाच्या पट्ट्यावरच्या जाळीला टेकून बसला होता. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही जागेवर नव्हती. तो हाताकडे असा बघत होता, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा आहे.

अबू सालेहने स्वतः गाडी काढली. वाटेत एकदाही मागे न बघता तो म्हणाला, "पंपाच्या पट्ट्यात हात गेला. सगळ्यांनी हेच सांगायचं. लढाई चालू आहे, पोलिसांना वेळ नाही."

हाशमने डोळे मिटून होकाराची मान हलवली. हॉस्पिटलात केरळची एक नर्स होती. तिने जखम बघितली, माझ्याकडे बघितलं आणि हिंदीत विचारलं, "पट्ट्याने?"

मी म्हणालो, "हो. पट्ट्याने."

पुढचा आठवडा हाशमचं पंपावरचं काम मीच करत होतो. हाशम हात गळ्यात बांधून खाटेवर पडलेला. मुसाइद एकदा येऊन मधाची बरणी ठेवून गेला. आणि शुक्रवारी, जेवणं झाल्यावर, मी पाइपांच्या ढिगाकडे बघतो तर पुन्हा डबे मांडलेले. त्याच ढिगावर.

मुसाइद रायफल घेऊन माझ्याकडे आला. "उस्ताद, जरा साफ करून दे. अडकते आहे."

मी सतरंजी पसरली, त्याच्यासमोर बसलो. मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे हे बघितलं, रायफल उघडली. हातांना काम पाठ होतं. फायरिंग पिन काढली. बोटाएवढा लोखंडाचा तुकडा, त्याच्यावाचून रायफल म्हणजे नुसती काठी. ती मुठीत धरून उठलो, बोअरवेलपाशी गेलो, झाकण सरकवलं आणि आत टाकली. ती पाइपावर आपटत खाली गेलेली सगळ्यांनी ऐकली. विहीर दीडशे मीटर खोल होती.

मुसाइदला समजायला क्षणभर लागला. मग त्याने माझ्या कानाखाली मारली.

मी हात उचलला नाही. म्हणालो, "दोन बोटं गेली त्याची. दोन बोटं. आणि तू परत तिथेच डबे मांडलेस. तुला बंदूक धरायला मी शिकवलं, त्याची मला लाज वाटते."

संध्याकाळी अबू सालेहने बोलावलं. आवाज चढवला नाही. "खलास. उद्या सकाळी जेद्दाह. विमान मिळेल तेव्हा घरी जा." पासपोर्ट टेबलावर सरकवला.

मी खोलीवर येऊन बॅग भरायला लागलो. छाती थोडी फुगली होती, हे कबूल करतो. हाशमला सगळं सांगितलं. 

"पिन टाकलीस, बरं केलंस," तो म्हणाला. "पण हवालदार, दवाखान्यात काय झालं होतं? तेव्हा कुठे गेला होता हा राग?"

"तूच मान हलवलीस, हाशम."

"मी बोटं तुटलेला माणूस. घरी सफूरा, तीन पोरं. मला या शेतावर राहायचंय. मी मान हलवणारच. तुझे हात तर शाबूत होते ना? मी वाट बघत होतो तू बोलशील म्हणून."

 आठवडाभर जो राग मी मुसाइदवर धरून होतो, त्यातला अर्ध्याहून जास्त माझ्या वाटणीचा होता.

सकाळी जेद्दाहच्या बसकडे पोचवायला ड्रायव्हर आला. मी त्याला हॉस्पिटलपाशी थांबायला सांगितलं, औषध घ्यायचंय म्हणून. आत जाऊन त्याच नर्सला गाठलं. "पट्टा नव्हता. गोळी होती. लिहून घ्या." ती डॉक्टरला घेऊन आली, डॉक्टरने पोलिसाला बोलावलं. मी जे घडलं ते सांगितलं, मी स्वतः रायफल चालवली होती तेही. अरबीत लिहिलेल्या कागदावर सही केली.

रायफल चालवल्याबद्दल मला एकोणीस दिवस कोठडीत ठेवलं आणि मग घरी पाठवून दिलं. लढाई संपल्याची बातमी मी कोठडीतच ऐकली. पोलिसांनी रायफल जप्त केली. मुसाइद रियाधला परत गेला, त्याला काय झालं ते मला माहीत नाही. फारसं काही झालं नसणार. अबू सालेहने हाशमला ठेवून घेतलं, फाटकावर बसायचं काम दिलं आणि हाताचं दुसरं ऑपरेशन रियाधला करून आणलं. पोलिसांच्या कागदावर 'गोळी' लिहिलेलं नसतं तर यातलं काहीएक त्याने केलं नसतं.

हाशम पुढे नऊ वर्षं तिथे राहिला. मला त्याचं एक पत्र आलं, उजव्या हाताने नीट लिहिलेलं. त्यात शेताची हकीकत होती, खजुराचं पीक कसं आलं ते होतं. बोटांबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि मी केलेल्या जबानीबद्दलही नाही.