झिंगूभाऊच्या हातची गाडी

लहानूचा ट्रक गावाकडे वळला की चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही कळायचं. मागच्या चाकांमधून असा घूंऽऽ आवाज निघायचा, की दावणीची जनावरं बिथरायची. चामोर्शीच्या बाजारात हमाल विचारायचे, "लहानूभाऊ, मागं जातं बांधलं का?" आणि लहानूचं उत्तर ठरलेलं, "टायरचा आवाज हाय." टायर बदलले, तरी टायरचाच आवाज! माणसानं सख्ख्या भावावर विश्वास ठेवावा, पण इतका?

गोष्ट अशी, की ट्रक मुळात थोरल्या भावाचा, झिंगूचा. लहानू त्याच गाडीवर क्लीनर होता. स्टेअरिंग धरायला त्याला झिंगूनंच शिकवलं, चुकला की टपली मारून. पुढं झिंगूच्या पोरीच्या, उर्वशीच्या, लग्नाची घाई झाली. तेव्हा झिंगूनं ट्रक धाकट्याच्या नावावर केला, बदल्यात लहानूच्या वाट्याचं भातखाचर, म्हणजे धानाची बांधी, घेतली आणि विकून टाकली. किल्ली देताना एवढंच म्हणाला, "मागचा डिफरन्शियल मी सोताच्या हातानं नवा करून बसवला. कोनाले उघडू देऊ नको. तेल कमी झालं तं वरून टाकत जाय." झालं! लहानूला तो देवाचा शब्द. वर्षभरात मागून आवाज सुरू झाला, मिस्त्री म्हणाले मागच्या चाकांना फिरवणारी ती दातेरी चाकांची पेटी खोलून बघू, तर हा म्हणे भाऊच्या हातचं काम आहे, त्याला पाना लागणार नाही.

त्याची बायको रुखमा कपाळावर हात मारून घ्यायची. "सोन्यासारखी बांधी गेली अन् हे खटारं गळ्यात पडलं. भावानं फसवलं तुमाले."

"पुन्हा असं बोलू नको," लहानू म्हणायचा. एरवी घरात त्याचा आवाज कधी चढत नसे. या एका बोलण्यावर मात्र चढायचा.

मग झिंगूला लकवा मारला. बायको आधीच वारलेली, उर्वशी नागभीडला सासरी, तिच्यामागं तिचा संसार. लहानूनं भावाला उचलून आपल्या घरी आणलं. झिंगूचं उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. डावा हात तेवढा हलायचा. त्याची अंघोळ, कपडे, जेवण सगळं लहानूच्या हातून. रुखमा वाटी भरायची, डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती दाराशी ठेवायची आणि मागं फिरायची. भासरा तो! नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं धाकट्याच्या बायकोनं उभं राहायचं नाही, त्याला शिवायचं तर नाहीच, ही तिकडची जुनी रीत, आणि रुखमा रीत मोडणारी नव्हती. त्यामुळं लहानू लांबचं भाडंच घेईना. अहेरीची खेप सांगून आली तरी नको म्हणायचा. दुपारी चमचा घेऊन खाटेपाशी बसायचा, "भाऊ, आ कर," म्हणायचा, आणि झिंगू त्याच्याकडे बघत बघत घास गिळायचा. तेवढ्या वेळात दोघं पुन्हा थोरला-धाकटा व्हायचे. लहानूला याहून जास्त काही नको होतं.

एक दिवस मागून खडाखड आवाज झाला आणि चाकं जाम झाली. आता टायरचं नाव सांगायची सोय राहिली नाही. गॅरेजला न्यावं तर दिवस मोडणार, भाऊ उपाशी राहणार. लहानूनं ट्रॅक्टर लावून गाडी कशीबशी ओढून आणली, अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली लावली, मागची बाजू जॅकवर उचलून खाली सागाचे ठोकळे दिले. झिंगूची खाटही सरकवत सावलीत आणली.

"तुह्यासमोरच खोलतो भाऊ. चुकलो तं टपली मार."

झिंगू हसला नाही. डावा हात वर करून जोरजोरात हलवायला लागला. लहानूला वाटलं, पाणी पाहिजे. पाणी दिलं, तर ते त्यानं थुंकून टाकलं. "अं… अं…" करत खाटेच्या काठाला धरून उठायची धडपड करू लागला.

"मालूम हाय," लहानू हसून म्हणाला. "कोनाले उघडू देऊ नको म्हनलं होतं. पन मी का परका मानूस?"

आणि गाडीखाली शिरून त्यानं तेलाचा खालचा बोल्ट सोडला. तेल येईना. तारेनं खरवडलं, तेव्हा काळ्या चिकट लगद्याचे गोळे भदाभदा घमेल्यात पडले. लहानूनं एक गोळा डिझेलमध्ये धुतला. बोटांत उरला तो लाकडाचा भुसा, आरागिरणीवरचा.

डिफरन्शियलमध्ये भुसा कशाला घालतात, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. झिजलेली गाडी कुणाच्या गळ्यात मारायची असली की जाड तेलात भुसा कालवून आत सोडायचा. काही महिने आवाज दबतो. गिऱ्हाईक चक्कर मारतं, खूश होतं, गाडी घेऊन जातं, पुढं त्याचं नशीब. आणि या गाडीला तर झिंगूनंतर कुणी हात लावला नव्हता.

लहानू तसाच उताणा पडून राहिला. त्याला रडू फुटलं. तेलकट हातांनी डोळे पुसायचीही सोय नव्हती. बांधी गेली याचं त्याला काही नव्हतं. भाऊ नुसता म्हणाला असता, लहान्या, गाडी पार झिजली, पण पोरीचं लग्न अडलं आहे, घे, तर तीच बांधी त्यानं हसत दिली असती. एवढंही भाऊला कळू नये? पाठच्या भावाला गिऱ्हाईक करावं?

चांगलं खडसावून विचारायचं असं ठरवूनच तो बाहेर आला. झिंगूची नजर त्याच्या काळ्या हातांवर होती आणि डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या. लहानूचा राग तिथंच विरघळला. याला बोलता येत नाही, चुकलो म्हणता येत नाही, मरेपर्यंत हे उरावर घेऊन हा असा पडून राहणार! भावाचं ओझं उतरवायचं, एवढंच त्याच्या मनात आलं. तो खाटेपाशी बसला आणि खोटं बोलला.

"काऊन रडून राह्यला भाऊ? मले तं गाडी घेतली तवापासूनच मालूम होतं. म्हनून तं उघडली नाई. मी कदी मनात धरलं नाई."

झिंगूचं रडणं थांबलं. बराच वेळ तो लहानूकडे बघत राहिला. मग त्यानं तोंड फिरवून घेतलं. मोकळा झाला बिचारा, असं लहानूला वाटलं. रुखमा वावरातून यायच्या आत त्यानं सगळा भुसा उकिरड्यात पुरला, तिला सांगितलं बेअरिंग गेलं होतं.

संध्याकाळी तो वाटी घेऊन बसला. "भाऊ, आ कर." झिंगूनं दात आवळून घेतले. दुसऱ्या दिवशीही तेच, पेज ओठांवरून खाली ओघळली. तेव्हा कुठं लहानूच्या डोक्यात उजेड पडला. भाऊ आजवर घास गिळत होता तो धाकट्याच्या डोळ्यांत आपण अजून थोरले आहोत म्हणून. आता त्याला वाटत होतं, या पोरानं पहिल्या घासापासून आपल्याला चोर समजूनच भरवलं.

"भाऊ, मी लबाड बोललो रे," लहानू काकुळतीला आला. "मले कालच समजलं. तुही आन!" पण आता कोण विश्वास ठेवणार? झिंगूनं डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी रुखमाला राहवलं नाही. पदर आणखी पुढं ओढून ती खाटेपाशी बसली आणि तिनं चमचा पुढं केला. झिंगूनं तोंड उघडलं. तिला भुशाचं काही ठाऊक नव्हतं, तिच्यापुढं तो अजून भासराच होता. तेव्हापासून तिच्याच हातचं खायला लागला. लहानू जवळ आला की मात्र तोंड बंद.

ट्रक दुरुस्त झाला, पाण्यासारखा चालायला लागला. एका दुपारी रिकामी वाटी घेऊन बाहेर येताना रुखमानं त्याला गाठलं.

"काय बोलले तुमी त्याईले? माह्या हातचं खातेत, तुमच्या हातचं काऊन नाई?"

खरं सांगावं तर भुसा सांगावा लागणार होता, आणि तो कळल्यावर तिचा हात पुढं झाला असता का, कोण जाणे. लहानू तिच्या हातची वाटी घेऊन धुवायला लागला.

"तुमचंच काई चुकलं असंल," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती झिंगूच्या बाजूनं बोलत होती. "एवढा जीव लावनारा भाऊ उगाच का तोंड फिरवंल?"

"हो," लहानू म्हणाला. "माहंच चुकलं."