गिटारची ओटी

देविकाच्या सोयरिकीच्या बैठकीला नांदेडहून गाडी भरून माणसं आली, आणि त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हात धुवायला म्हणून जो आत गेला तो परत आलाच नाही. पोहे थंड व्हायला लागले. आमचे हे, म्हणजे शिवशंकरराव, ताटली हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मुलाचा बापच घरात हरवला तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी मागच्या गॅलरीत गेले. होऊ घातलेले व्याही हणमंतराव, अर्धापूरचे केळीवाले, पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या कपड्यांत फरशीवर उकिडवे बसले होते. माझी एक पोट फुटलेली गिटार त्यांनी मांडीवर घेतली होती आणि बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावून ऐकत होते.

“हिची आतली पट्टी सुटली,” ते मान वर न करता म्हणाले. “ताई, ह्या एवढ्या साऱ्या कोणाच्या?”

“माझ्या.”

“वाजवतं कोण?”

“मी.”

“दुरुस्त कोण करतं?”

“मीच.”

“आन् पोहे?”

“ते हे करतात.”

हणमंतरावांनी गिटार अलगद भिंतीला टेकवली, उठले, आणि गॅलरीतूनच बैठकीच्या खोलीला ऐकू जाईल असे ओरडले, “जमलं! सोयरीक पक्की!” देविका तोवर चहा घेऊन बाहेरसुद्धा आली नव्हती. तिनं आणि गंधारनं पुण्यात नोकरी करता करता एकमेकांना आधीच पसंत केलं होतं म्हणून बरं, नाहीतर माझ्या पोरीचं लग्न गॅलरीतल्या भंगारावर ठरलं असं जन्मभर ऐकावं लागलं असतं.

आता भंगार हा शब्द ह्यांचा, माझा नाही. आमचं लातूर म्हणजे क्लासचं गाव. डॉक्टर व्हायला गावोगावची पोरं येतात, येताना आईबापाला पटवून एक गिटार आणतात, आणि पहिल्या चाचणीचे मार्क कळले की ती गिटार होस्टेलच्या माळ्यावर जाते. मी शाळेत गणित शिकवते. होस्टेलच्या मावश्या मला फोन करतात, “मॅडम, अजून एक मेली, घेऊन जा.” मी जाते, घेऊन येते, जिवंत करते. गळा मला देवानं दिला नाही, आणि हे मी मान्य करते. पण बोटं दिली आहेत, आणि चाळिशीनंतर सापडलेल्या खुळासारखं दुसरं सुख नाही.

तर त्या दिवशी पोहे खाता खाता हणमंतरावांनी मला त्यांचं गुपित सांगितलं.

“माझी बी एक हाय. हैद्राबादहून आणली, तरणा होतो तवा. पोराचं नाव गंधार काय उगाच ठेवलं? पण शेतावर पत्र्याच्या खोलीत राहिली अन् उन्हानं पोटाला चीर पडली. दोन उन्हाळे झाले, मुकी हाय. माझ्याशिवाय तिला कोणी वाजवली न्हाई आजवर.” मग म्हणाले, “तुम्ही बघता का?”

“बघते.”

“साखरपुड्यात वाजवीन म्हणतो. चीर मिटली तर तुम्ही बी वाजवा. न्हाई मिटली तर काही हरकत न्हाई, भिंतीला टांगू शोभेला.”

शोभेला! माझं डोकंच फिरलं. वाद्य भिंतीला टांगणं म्हणजे जित्या माणसाच्या फोटोला हार घालणं. मी तिथल्या तिथे ठरवलं, ही गिटार साखरपुड्यात बोलणार, आणि तिच्यावर माझी बोटं पडणार. ह्याहून कमी काही मला चालणार नव्हतं. देविका दारातून डोळे वटारत होती. तिचं म्हणणं सरळ होतं: आई, सासऱ्यांची गिटार तुझ्या हातून बिघडली तर मी त्या घरात काय तोंड घेऊन जाऊ?

गिटार आली. काय गिटार होती! जुन्या लाकडाचा रंग चांगल्या गुळासारखा, आणि पोटावर तारांच्या खालून निघालेली लांबलचक चीर. अशा वेळी घाईनं सरस भरायचा नसतो. लाकूड उन्हानं आक्रसलेलं असतं. तसंच चिकटवलं तर पावसाळ्यात फुगतं आणि शेजारी दुसरी चीर पडते. आधी त्याला ओलावा पाजायचा. माझी पद्धत साधी आहे. जुन्या सुती साडीच्या फडक्यात स्पंजचा तुकडा बांधायचा, भिजवून पिळायचा, आणि ती पुरचुंडी दोऱ्यानं गिटारच्या पोटात लोंबकळत सोडून वरून पेटी बंद करायची. रोज उघडून बघायचं. चीर रोज थोडी थोडी मिटत गेली, आणि मी शाळेतून पळत घरी यायला लागले.

चीर मिटली तसा गरम सरस भरला, आतून हात घालून लाकडाची छोटी थिगळं चिकटवली, आणि वर वजन म्हणून तूरडाळीची पिशवी ठेवली. लातुरात डाळीला तोटा नाही, आणि डाळीची पिशवी पोटाच्या गोलाईवर नीट बसते. सरस वाळल्यावर नख फिरवून बघितलं. अडकलं नाही! मी ह्यांना गॅलरीत ओढत नेऊन त्यांचंही नख फिरवायला लावलं. तारा चढवल्या, सूर लावला, आणि हात काढून घेतला. ती आधी तिच्या मालकानं वाजवायची, हा नियम मीच मला घालून घेतला होता. पाळणं महाकठीण होतं.

साखरपुडा रविवारी, नांदेडला होता. आदल्या दुपारी गंधार गाडी घेऊन दारात हजर. लाडवांचे डबे, आहेराच्या पिशव्या आणि गिटार त्याच्याबरोबर पुढे जायची होती. बाहेर ऊन असं की चप्पल डांबराला चिकटत होती. बंद गाडीत लाकूड पुन्हा आक्रसू नये म्हणून मला गिटारच्या पोटात ताजी ओली पुरचुंडी सोडायची होती. तेवढ्यात देविका ओरडली की ब्लाउज सापडत नाही, ह्यांची बहीण फोनवर विचारत होती की गाडीत तिची जागा खिडकीची आहे ना, आणि गंधार विनयानं हॉर्न वाजवत होता. मी स्वयंपाकघरात गेले, नळाला लटकत असलेली पुरचुंडी घेतली, पिळली, तारा बाजूला करून गिटारच्या पोटात कोंबली आणि पेटी बंद केली. हाताला जरा खडबडीत लागलं. वाटलं, स्पंज जुना झालाय.

रविवारी सकाळी निघण्याआधी घरच्या पाहुण्यांसाठी हे मटकीची उसळ करणार होते. ह्यांचा एक सिद्धांत आहे. मटकी एका मोठ्या फडक्यात बांधायची नाही, छोट्या छोट्या पुरचुंड्या करायच्या, म्हणजे मोड लांब येतात. फडकी कुठली, तर माझ्याच जुन्या साडीची. मी वेणी घालत होते तेव्हा हे आले. त्यांच्या तळहातावर काहीतरी पिवळं, ओलं होतं.

“सिंधु,” हे फार शांतपणे म्हणाले, “एका पुरचुंडीतल्या मटकीचा स्पंज झालाय.”

मी वेणी अर्धवट सोडली. मग मी गंधारला फोन लावला.

“बाबा रे, कसंही करून ती गिटार उघड आणि आतलं फडकं काढ.”

“काकू, पप्पांनी पेटीला कुलूप लावलंय. सगळ्यांसमोरच उघडायची म्हणतात. किल्ली करदोट्याला बांधलीय.”

लातूरहून आम्ही निघालो ते मी पदर डोक्यावरून ओढूनच. मटकीचं मला काही वाटत नव्हतं. मला भीती सरसाची होती. सरसाला ओल जास्त झाली की तो मऊ पडतो, आणि फुगलेल्या मटकीनं आतून जोर केला तर थिगळं सुटणार, चीर पुन्हा उघडणार, आणि माझ्या पोरीच्या साखरपुड्यात माझा व्याही सगळ्यांसमोर फुटकी गिटार हातात घेऊन उभा राहणार. मग ती कायमची भिंतीवर. ह्यांना मात्र वेगळीच चिंता होती. अहमदपूर मागे पडल्यावर म्हणाले, “बंद पेटी, ओलं फडकं, वर हे ऊन. असे मोड आपल्या घरी कधी येणार नाहीत.” लोह्याच्या पुढे त्यांना हसू आवरेना, आणि मग मलाही आवरेना. आम्ही दोघं तोंडात रुमाल कोंबून हसत होतो आणि मागच्या सीटवर नणंदबाई म्हणत होत्या, “पोरगी चालली म्हणून रडून राहिलेत बिचारे.”

अंगठ्या झाल्या, साखर वाटून झाली. देविका इतकी गोड दिसत होती की मी क्षणभर गिटार विसरले. तेवढ्यात हणमंतरावांनी पेटी आणून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. करदोट्याची किल्ली काढायला त्यांना बराच वेळ लागला. झाकण उघडलं.

तारांच्या मधून मटकीचे मोड बाहेर डोकावत होते. पांढरे, लुसलुशीत, बोटभर लांब. फडक्याची गाठ सुटून सगळा ऐवज वर आला होता. ह्यांनी माझा हात धरला आणि कानाशी म्हणाले, “बघ, मी सांगितलं होतं.”

हणमंतराव वाकले. त्यांनी एक मोड चिमटीत धरला, वास घेतला, आणि मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही, पण ह्या माणसाला सगळं कळलंय एवढं मला समजलं. मग ते वळले आणि पुढच्या खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या सरजाबाई आत्यांना मोठ्यानं म्हणाले,

“आत्या, बघ की! विहीणबाईंनी ओटी भरून धाडली!”

सरजाबाई म्हणजे त्या घराण्यातल्या सगळ्या रीतीभातींचं शेवटचं कोर्ट. त्यांनी चष्मा सावरला. “कोणाची? गिटारची?”

“हाव. लातूरकडची रीत हाय. लेक द्यायच्या आधी वाद्याची ओटी भरतेत.”

सरजाबाई उठून टेबलापर्यंत आल्या. त्यांनी मोडांवरून हात फिरवला आणि तो डोळ्यांना लावला. “आगं माय, मोड बी आले! लई चांगला शकुन हाय. आणा गं, कुंकू आणा!”

मग जे सुरू झालं त्याला माझा इलाज नव्हता. बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि मी पॉलिश केलेल्या गिटारला हळदकुंकू लागायला लागलं. एकीनं विचारलं, आमच्या घरी तबला हाय, त्याची भरली तर चालते का? दुसरी म्हणाली, बाजाच्या पेटीची भरताना भात्यात भरायची का वरून? आमची नणंद, जिला सकाळपर्यंत ह्या रीतीचा पत्ता नव्हता, ठसक्यात सांगत होती की आमच्यात पहिल्यापासून मटकीच लागते. देविका आणि गंधार एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते.

आता ही ओटी बाहेर काढणं आलं. तारा मी सैल केल्या. तार छेडायची प्लास्टिकची पट्टी पोटात पडली की ती काढायला गिटार वाजवणारा प्रत्येकजण जे करतो तेच करायचं होतं, म्हणजे गिटार पालथी धरून हलवायची. एका बाजूनं हणमंतराव, एका बाजूनं मी, आणि खाली सरजाबाईंनी पदर पसरलेला. आम्ही हलवलं की मटकी बदाबदा पदरात पडायची आणि पोरं टाळ्या वाजवायची. ते फडकंही निघालं. मग मी हात आत घातला. पहिलं थिगळ घट्ट. दुसरं घट्ट. सगळी घट्ट. बाहेरून चिरेवर नख फिरवलं, सरळ गेलं. तेव्हा मात्र मी रडले, आणि खुशाल रडले. बायकांना वाटलं लेकीसाठी.

हणमंतरावांनी तारा ओढल्या, सूर जुळवला आणि वाजवायला लागले. दोन उन्हाळे मुकी राहिलेली ती गिटार हॉलभर घुमली. कुठल्यातरी फटीत अडकलेले चार दाणे आत खुळखुळत होते, त्यांच्या बोटांबरोबर, जवळजवळ तालात. मी जीभ चावली आणि पुढे झाले.

“तेवढे काढून देते, व्याहीबुवा.”

“राहू द्या. ताल धरून राहिलेत.”

त्यांनी वाजवणं संपवलं, टाळ्या झाल्या, पोरं सरजाबाईंभोवती मटकीचा प्रसाद मागायला जमली. हणमंतरावांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “विहीणबाई, ओटी गव्हा-तांदळाची असते. मटकीची उसळ असते. शेतकरी माणूस हाय मी.”

त्यांच्या मिशा हसून हलत होत्या.

“वाजवा आता, माझ्यानंतर तुम्हीच,” ते म्हणाले. “आन् ती उसळ?”

“ती हे करतात,” मी म्हणाले, आणि तारेवर बोट ठेवलं.