सिनापातीबाईंचा नियम

नियम सिनापातीबाईंनी स्वतःच करून घेतला होता, त्यामुळे आता बोंब मारायची सोय नव्हती. सात वर्षांपूर्वी सवाई बेटावरच्या त्यांच्या गावातली पोरं नववीतच शाळा सोडून न्यूझीलंडच्या सफरचंदांच्या बागांत जायला बघत. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून बाई तडक गावसभेत गेल्या आणि कुळप्रमुखांना म्हणाल्या, बारावी पास झाल्याशिवाय कुणालाही बागेत पाठवू नका, आणि दाखला माझ्या सहीचा घ्या. कुणाला पाठवायचं हे गावच ठरवत असे. आदल्या साली दोघांनी तिकडे दारू पिऊन धिंगाणा घातला, तर मालकाने अख्ख्या गावाला वर्षभर दार बंद केलं होतं. शिकलेला माणूस तोंडघशी पाडणार नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

शाळा पोरांनी भरली. अख्ख्या बेटावर बाईंचं नाव झालं. पास झालेली पोरं मात्र एकामागून एक विमानात बसली. एकटा पानापा पुढे शिकून शिक्षक म्हणून गावात परत आला. बाईंचाच विद्यार्थी, आणि आता बारावीला गणित शिकवणारा एकुलता एक माणूस. यंदा बागेत पाठवायला सभेने त्याचंच नाव काढलं.

सगळे प्रमुख आपापल्या खांबाला टेकून बसले होते. बाई कडेच्या चटईवर.

“परीक्षा दोन महिन्यांवर आलीय,” बाई म्हणाल्या. “हा गेला तर पोरांना गणित कोण शिकवणार?”

“बाई, नियम तुमचाच,” थोरले प्रमुख तुइलागी हसून म्हणाले. “शिकलेला, निर्व्यसनी, शब्दाला जागणारा. याच्याहून चोख माणूस दाखवा, त्याला पाठवतो.”

“असला माणूस शाळेतच हवा ना?”

“गावालाही हवा. पुन्हा कुणी झिंगला की सगळे घरी बसतील.”

बाईंना राग आला, पण रागवायलाही अंगात जोर लागतो. तो कधीच संपला होता.

संध्याकाळी पानापा दाखल्याचा कागद घेऊन शाळेत आला. मान खाली.

“तुला स्वतःला जायचंय का रे?”

“आईच्या घराचं छप्पर वादळात गेलं, बाई. तिकडच्या सात महिन्यांच्या कमाईत पत्रे चढतील. इथल्या पगारात मी म्हातारा होईन.”

“आणि तिकडे काय, बीजगणित करणार?”

“फळ दाबायचं नाही, देठासकट काढायचं.” तो ओशाळला. “चार दिवसांत जमतं म्हणतात.”

कागदावर वर्तणुकीचा रकाना रिकामा होता. तिथे ‘पितो’ एवढं लिहिलं असतं तरी तो राहिला असता. बाईंचं पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी ‘उत्तम’ लिहिलं आणि सही केली.

सोमवारी त्या बारावीच्या वर्गात गेल्या. फळ्यावर पानापाचं अर्धवट राहिलेलं गणित तसंच होतं. बाई इतिहासाच्या. खडू हातात घेऊन त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, पण पुढची ओळ काही सुचेना.

“बाई,” मागच्या बाकावरची सोसेफिना म्हणाली, “पास झालो नाही तर आम्हाला जाता येणार नाही.”

“माहीत आहे मला. उतरवून घ्या.”

“कुठपर्यंत?”

“आहे तिथपर्यंत,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.