दिवसाचं पहिलं दळण

सिताराम मान्याने मुलीचं दप्तर उलटं करून फरशीवर झटकलं. वह्या पडल्या, कंपास पडला आणि खालच्या कप्प्यातून थोडा पिवळसर चुरा पडला. त्याने तो बोटावर घेऊन हुंगला. तीस वर्षं शिरवण्यात पिठाची गिरणी चालवलेला माणूस, वासावरून गव्हाची जात सांगायचा. या चुऱ्याला लाकडाचा वास होता. पेन्सिलीला टोक केल्याचा भुसा होता तो.

"सापडलं काही?" ईश्वरीने विचारलं. वय पंधरा, दिसायची अकराची. काही सापडलं नाही, आणि सितारामला राग आला तो त्याचाच.

चार वर्षं पोरीचं पोट धरत नव्हतं. गुडघे सुजायचे, तोंड यायचं, केसांचे पुंजके हातात यायचे. जंताच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली, गावाकडचा अंगारा झाला. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं, हिला गहू चालत नाही. गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला सूज येते, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि ती सूज आतड्यापुरती थांबत नाही. सांधे, हाडं, रक्त, सगळ्यांना भोगावं लागतं. औषध एकच, गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये, तोही जन्मभर. गव्हाच्या पिठावर ज्याचा संसार उभा राहिला त्याच्याच लेकीला गव्हाचं वावडं निघालं. देवालाही कधी कधी काम नसतं.

सितारामने मात्र कसूर केली नाही. गहू, रवा, मैदा, शेवया त्याने घरातून हद्दपार केल्या. तो आणि बायको मीना, दोघंही पोरीबरोबर ज्वारी खायला लागले. पाकिटातल्या पिठावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तो ज्वारी स्वतः निवडायचा, आणि सकाळी शटर उघडून, गिरणीला अगरबत्ती ओवाळून, गिऱ्हाईक यायच्या आत दळायचा. दिवसाचं पहिलं दळण लेकीचं. "आपल्या ईशूचं पीठ कुणाच्या दळणात मिसळत नाय," असं तो भेटेल त्याला सांगायचा.

वर्ष झालं तरी रक्ताच्या रिपोर्टातला आकडा खाली यायचं नाव घेईना. डॉक्टर म्हणाले, गहू कुठून तरी पोटात जातोच आहे, बाहेर काही खाते का ही? तेवढं वाक्य पुरलं. दुसऱ्या दिवसापासून सिताराम मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभा राहू लागला. त्याने तिच्या मैत्रिणींना अडवून विचारलं, ही काय काय खाते. पोरी हसल्या, मग तिच्याबरोबर डबा खायला बसेनाशा झाल्या. कुणाचा वाढदिवस नाही, कुणाचं हळदीकुंकू नाही. देव्हाऱ्यावर हात ठेवून तिने शपथ घेतली, तीही त्याला खोटी वाटली. एवढ्याशा पोरीला देवाची भीती राहिली नाही, म्हणाला.

पुढचा रिपोर्ट आणखी वाईट आला. त्या संध्याकाळी त्याने तिला भिंतीशी उभं केलं.

"काय खाल्लंस?"

"काही नाही, पप्पा."

त्याने थोबाडीत मारली. मीना मध्ये पडायला आली, तिला त्याने बाजूला ढकललं. तोच प्रश्न, तेच उत्तर, पुन्हा थोबाडीत. चौथ्या वेळी ईश्वरी म्हणाली, "वडापाव."

"कितीदा?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. किती म्हटलं म्हणजे हे थांबेल, याचा अंदाज घेत होती बिचारी.

"तीनदा."

"खरं बोल."

"रोज," ती म्हणाली. तेव्हा त्याचा हात खाली आला. बघ, मी म्हणत नव्हतो, असं त्याने मीनाला ऐकवलं, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

आठवड्याने दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी बोलावलं. ईश्वरीचा गुडघा सुजून जिना उतरवत नव्हता, म्हणून सिताराम एकटाच गेला. बाई तरुण होत्या, पण चिकाटीच्या. हिंग कुठला, मसाला कुठला, एकेक विचारत शेवटी पिठावर आल्या.

"घरचीच गिरणी आहे, मॅडम," सिताराम ताठ बसून म्हणाला.

"तिच्यात गहूपण दळता?"

"दळतो ना. पण पोरीची ज्वारी सगळ्यांच्या आधी. रात्री गव्हावर बंद केली की सकाळी पयलं..."

तो तिथेच थांबला. रात्रीचं शेवटचं पीठ दगडांच्या खाचांत आणि कापडी नळीत बसून राहतं, आणि सकाळी जे पहिलं दळण पडेल त्याच्याबरोबर उतरतं, हे गिरणीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चोखंदळ बायका म्हणूनच पहिला नंबर नको म्हणायच्या आणि तो त्यांची थट्टा करायचा. वर्षभर रोज सकाळी, अगरबत्ती ओवाळून, त्याने लेकीला गहू चारला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरानेच ती दिली होती.

"मुलीला रागावू नका हं," बाई म्हणाल्या. "तिची काहीच चूक नाही." त्याने मान हलवली.

वाटेत त्याने सगळं सांगायचं ठरवलं, अगदी शब्द जुळवले. दार मीनाने उघडलं. ईश्वरी गुडघ्याला ओलं फडकं बांधून पडली होती, तिने मान वर केली. तिच्याकडे न बघता तो चपला काढू लागला.

"पाकिटाचं पीठ आणा म्हणाल्या, तपासलेलं," तो म्हणाला. "पचायला हलकं असतं."

"आणि?" मीनाने विचारलं.

"आणि बाहेरचं खाणं बंद."

हे शेवटचं कुणीही म्हटलेलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. पण पोरीला त्या फरकाचा काय उपयोग?

सहा महिन्यांत गुडघे ओसरले. पोरीने उंची घेतली, गालांवर मांस आलं, आकडा निम्म्याने उतरला. घरमालकीण केशरबाई दळण घेऊन आली, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हात उचललास तवाच सुदारली बघ. बापाचा धाक पायजेच हाय." सिताराम खाली मान घालून तिच्या डब्यात पीठ भरत राहिला. मीनाही नातेवाइकांना फोनवर तेच सांगायची.

एका रविवारी जेवताना ईश्वरी त्याला भाकरी वाढायला वाकली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, मी वडापाव कधी खाल्ला ते मला आठवतच नाही. पण खाल्लाच असणार. नाहीतर आता बरी कशी झाले?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"तेव्हा मारलंत ते बरं केलंत. सॉरी."

मीना कौतुकाने लेकीकडे बघत होती. सितारामने घास चावून गिळला.

"असू दे," तो म्हणाला. "परत खाऊ नकोस."

"नाही खाणार," ईश्वरी म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.