बंदुकीची उशी

इंग्लंडने यतीनला एकवीस वर्षांत बरंच काही दिलं होतं: बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कात नावाची पाटी असलेलं पार्किंग, तांबडा जाऊन परत निळा झालेला पासपोर्ट, पाठदुखी आणि हवामानावर कुणाशीही पाच मिनिटं बोलायची ताकद. राहिलं होतं ते एवढंच, की एखाद्या अस्सल इंग्रज शेतकऱ्याने आपल्याला त्याच्या जमिनीवर ससे मारायची परवानगी द्यावी.

ही इच्छा ऐकायला जरा चमत्कारिक आहे. देवयानीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ती तशीच वाटली होती. पन्नाशी आली की पुण्याच्या माणसाने महागडी सायकल घ्यावी, नाहीतर मॅरेथॉन पळून गुडघे घालवावेत, असं तिचं साधं मत होतं. शिवाय घरात अंडंसुद्धा केकच्या आडोशाने येत असे. पण यतीन तीन वर्षं इथल्या क्लबात एअर रायफल चालवत होता, आणि चांगली चालवत होता. अडचण अशी की तो मारत होता कागदाला. बाकीच्या मेंबरांपैकी प्रत्येकाकडे एकेक शेत होतं. मालकीचं नव्हे, परवानगीचं. ‘माय परमिशन’ असं ते म्हणत, आपल्याकडे लोक ‘आमचे डॉक्टर’ म्हणतात त्या सुरात. तेवढा विषय निघाला की यतीन चहाचा कप घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

अखेर एप्रिलमध्ये हॉलिस भेटला. हा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ, शहराबाहेर वीस मिनिटांवर शेत, आणि शेतात भाड्याने ठेवलेले घोडे. त्याच्या एका कुरणाची सशांनी चाळण करून ठेवली होती. एका घोडीचा पाय बिळात जाऊन मुरगळला, म्हणून ते कुरण रिकामं ठेवावं लागलं होतं, आणि ससे मारायला येणारा नेहमीचा माणूस स्वतःचे गुडघे बदलून घ्यायच्या रांगेत होता. क्लबाच्या सेक्रेटरीने यतीनचं नाव सुचवलं. हॉलिसने त्याला आपादमस्तक बघितलं आणि अट सांगितली. एक संध्याकाळ, मी शेजारी बसणार. नेम चुकला तर हरकत नाही, चुकणं मला समजतं. पण ससा लागला तर जागच्या जागी मेला पाहिजे. एक जरी जखमी होऊन बिळात शिरला, तरी परत यायचं नाही.

यतीनने लगेच हो म्हटलं. आत्मविश्वासाची त्याला कधीच टंचाई भासली नव्हती. नोकरी त्यावरच चालली होती.

आता यात तांत्रिक भाग असा होता. त्या कुरणात माणूस पायी शिरला की ससे गायब होत. गाडी शिरली तर मात्र मान वर करूनही बघत नसत. सशाच्या लेखी गाडी म्हणजे एक मोठी, मंद, निरुपद्रवी गाय. तेव्हा नेम गाडीच्या खिडकीतूनच धरायचा, आणि यतीनची गाडी इलेक्ट्रिक, म्हणजे इंजिनाचा आवाज नाही, थरथर नाही. इथवर सगळं त्याच्या बाजूने होतं. पण खिडकीच्या कडेवर रायफल नुसती टेकली तर ती घसरते, खडखडते आणि छर्रा सुटताना उडी मारते. क्लबात टेबल असतं, टेबलावर स्टँड असतो. गाडीच्या दाराला तसलं काही नसतं. टेकू हवा होता.

टेकूचं संशोधन गॅरेजमध्ये, शटर पूर्ण खाली ओढून झालं. आपल्या वर्णाचा माणूस मोटारीच्या खिडकीतून रायफल रोखून बसलाय हे समोरच्या घरातल्या बाईंना दिसलं, तर पुढची चर्चा सशांवर होणार नाही, हे समजण्याइतपत तो इंग्लंडात मुरला होता. पहिला शोध असा लागला की ड्रायव्हरच्या जागेवर बसून उजव्या खिडकीतून नेम धरायचा तर स्टिअरिंग बरगड्यांत घुसतं. डावीकडच्या सीटवर बसलं की सगळं नीट जमतं. म्हणजे गाडी हॉलिसने चालवायची. परीक्षकालाच कामाला लावायची ही कल्पना यतीनला फार आवडली.

मग रिकाम्या रायफलीने समोरच्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरातल्या एकादशीवर नेम धरणं सुरू झालं. गुंडाळलेला टॉवेल घेतला तर रायफलीवरच्या दुर्बिणीतली फुली पंचमीपासून पौर्णिमेपर्यंत येरझाऱ्या घालायची. काच अर्धी वर करून तिच्यावर पाइपांना गुंडाळायचं फोम बसवलं, ते फोम लाडात आल्यासारखं डोलायचं. तांदूळ भरलेला मोजा बरा होता, पण नळी जरा सरकवली की सळसळायचा, आणि सशाचे कान काही शोभेला दिलेले नसतात. साबुदाणा दोन दिवस उत्तम चालला. तिसऱ्या दिवशी गाडीची खिडकी पावसात उघडी राहिली, आणि त्यानंतर मोज्याचं जे झालं ते देवयानीने चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकलं.

“तुला ससे मारायचेत की त्यांना उपासाचं जेवायला घालायचंय?” एवढंच ती म्हणाली.

तोडगा दिवाणखान्यात सापडला. श्यामलाबाई, म्हणजे त्याच्या सासूबाई, नागपूरहून आल्या होत्या त्या नातीच्या बाळंतपणासाठी. नात अक्षया, म्हणजे यतीनची मुलगी, लेस्टरला हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि तिला जुलैची तारीख दिली होती. येणाऱ्या बाळासाठी श्यामलाबाई मोहरीची उशी शिवत होत्या. अक्षयाने लेस्टरच्या देशी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवरून मोहरीची पाच किलोंची गोणीच आणून टाकली होती. यतीनने सहज म्हणून ती चिमुकली उशी उचलली, तळहाताने दाबली आणि थबकला. तळव्याचा खळगा जसाच्या तसा राहिला होता. आवाज नाही, घसरण नाही. बाळाचं डोकं इकडेतिकडे कलंडू नये आणि गोल राहावं म्हणून पिढ्यान् पिढ्या बायकांनी जे शोधून काढलं, त्यावर दुर्बिणीची फुली काय हलणार!

आई, अशीच एक जरा मोठी शिवून द्याल का, असं त्याने विचारलं. कशासाठी ते लपवलं नाही. श्यामलाबाईंनी सुईत दोरा ओवेपर्यंत वेळ घेतला.

“शिवते. पण मेलेलं काही या घरात आणायचं नाही, आणि तुमच्या लेकीच्या बाळंतपणापर्यंत या उशीला हात लावायचा नाही. तुमची वेगळी.”

त्याच्या जुन्या जीन्सचा एक पाय कापून त्यांनी खोळ शिवली, दुहेरी टीप घातली आणि त्या मोहरी भरायला बसल्या. यतीन समोरच होता. बाळाची उशी त्यांनी सैल ठेवली होती, निम्म्याहून थोडी जास्त भरलेली. ही मात्र त्या भरतच गेल्या. हाताने चेपून पुन्हा भरली, पुन्हा चेपली. जावयाला द्यायची वस्तू अर्धवट भरून द्यायची, ही गोष्ट त्यांच्या घराण्यात कधी घडली नव्हती. त्यांच्याकडे जावयाच्या वाटीतलं श्रीखंडही काठाच्या वर असे. यतीनला शंका आली होती. पण अठ्ठावीस वर्षांच्या जावईपणात त्याने सासूबाईंना कधी ‘पुरे’ म्हटलं नव्हतं, कारण म्हटलं तरी उपयोग होत नाही. शिवाय भरगच्च म्हणजे भक्कम, असंही त्याने स्वतःला पटवलं. शिवून झालेली उशी एखाद्या लहान डुकरासारखी टणक आणि गुबगुबीत दिसत होती.

शनिवारी संध्याकाळी हॉलिस यतीनच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसला. फ्रिज चालवल्यासारखं वाटतंय, असा शेरा त्याने मारला, आणि पन्नास पावलं गेल्यावर फ्रिज बरा आहे असंही कबूल केलं. गाडी कुरणात चालण्याच्या वेगाने शिरली. ससे होते. कुंपणाच्या कडेला सहा-सात, गवतात नाक खुपसून. हॉलिसने गाडी तिरकी उभी केली. यतीनने काच खाली घेतली, उशी कडेवर ठेवली, तिच्यावर रायफल ठेवली आणि दुर्बिणीला डोळा लावला.

रायफल उशीत बसली नाही. उशीवर बसली. खळगा पडायला आत जागाच नव्हती. दगडावर ठेवावी तशी ती वर तोलत राहिली. तरीही फुली सशाच्या कानाखाली आली तेव्हा यतीनने श्वास रोखून चाप ओढला. रायफल टुणकन उडाली आणि छर्रा सशाच्या वरून, मातीत. सशाने कान हलवला आणि खाणं चालू ठेवलं.

 चुकणं हॉलिसला समजत होतं. पण पुढचा छर्रा असाच उडाला आणि चुकण्याऐवजी अर्धवट लागला, तर काय होणार हे दोघांनाही माहीत होतं. रायफल गुंडाळून माघार घ्यायची का, हा विचार यतीनला शिवलासुद्धा नाही. त्याने हलक्या आवाजात हॉलिसकडे चाकू मागितला. उशीचा एक कोपरा उसवला आणि खिडकीबाहेर हात काढून मोहरी ओतली. भरपूर ओतली, ऑफिसात जास्तीचं बजेट कापायचा त्याच निर्विकारपणे. मग कोपऱ्याला पीळ देऊन रबरबँड लावलं आणि उशी तळव्याने दाबली. खळगा पडला आणि राहिला.

या वेळी रायफल गादीवर लोळावं तशी आत रुतली. फुली आली आणि तिथेच थांबली. यतीनला पहिल्यांदाच असं वाटलं की हात काढून घेतले तरी चालेल. छर्रा सुटला. ससा होता तिथेच आडवा झाला, पायसुद्धा न झाडता. बाकीच्यांनी मानही वर केली नाही.

“क्लीन,” हॉलिस म्हणाला. इंग्रजाकडून हा सत्काराचा नारळच. यतीनने पुढच्या शनिवारचं मनात ठरवूनही टाकलं.

ससा उचलायला म्हणून हॉलिस उतरला, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि तिथेच थांबला. खाली वाकला. गवतातून चिमूटभर काळे दाणे उचलून त्याने तळहातावर घेतले आणि हे काय आहे असं विचारलं. यतीनने अभिमानाने सांगितलं: मोहरी, लेस्टरची, उत्तम प्रतीची, शंभर टक्के उगवेल अशी.

शेवटचे चार शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं.

“म्हणजे,” हॉलिस म्हणाला, “माझ्या घोड्यांच्या कुरणात तू मोहरी पेरलीस.”

घोड्यांना मोहरी सोसत नाही, पोट बिघडतं, आणि एकदा शेंगा फुटून बी पडलं की कुरण कायमचं गेलं, हे त्याने आवाज न चढवता समजावलं. गाडीची फडकी घेऊन दोघांनी जमेल तेवढे दाणे गोळा केले, पण मोहरीचा दाणा गवतात शिरला की तो देवालाच सापडणार. शेवटी हॉलिसने निकाल दिला. घोडे जूनअखेर या कुरणात यायचे आहेत. तोवर हव्या तितक्या वेळा ये, ससे मार, काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी मोहरीचं एक जरी रोप दिसलं, तर परवानगी नाही. ससा मी ठेवतो.

यतीनने घरी येऊन परवानगी मिळाल्याचं जाहीर केलं. एक अट आहे, असं त्याने देवयानीला शेवटी, ताट उचलताना सांगितलं.

मोहरी आठवड्यात वर आली. हिरव्यागार, जाड गालिच्यासारखी, टेबलाएवढ्या पट्ट्यात. यतीनने गुडघ्यांवर बसून ती उपटली. पुढच्या शनिवारी ती पुन्हा तितकीच होती, फक्त गवताच्या आडून. त्याने पुन्हा उपटली, आणि पाठदुखीचं कारण ऑफिसात स्क्वॉश असं सांगितलं. श्यामलाबाईंनी पाल्याची भाजी केली आणि जावयाच्या वाटीत काठोकाठ वाढली. जूनचा दुसरा आठवडा उजाडला तरी रोपं संपेनात.

त्या शनिवारी हॉलिस पुन्हा फ्रिज चालवायला आला, थर्मास घेऊन. गाडी कुंपणापासून थोडी लांब उभी राहिली. यतीनने उशी कडेवर ठेवली, रायफल रुतवली आणि दुर्बिणीतून बघितलं. सगळ्या कुरणातले ससे एका जागी जमले होते. मोहरीच्या पट्ट्यावर. खांद्याला खांदा लावून, पंगतीला बसल्यासारखे, आणि पानं इतक्या मुळापासून कुरतडत होते की तसं काम त्याच्या बोटांना दोन शनिवारांत जमलं नव्हतं.

फुली एका जाड्या सशाच्या कानाखाली स्थिर होती. यतीनचं बोट चापावर गेलं आणि परत आलं. आत्ता मारावा तर मोहरी उरते. मोहरी उरली तर परवानगी जाते.

हॉलिसने थर्मासच्या झाकणातून चहाचा घोट घेतला, वाट पाहिली, दुसरा घोट घेतला. मग का थांबलास असं विचारलं.

यतीनने दुर्बिणीवरचा डोळा हलवला नाही. सासुरवाडीच्या श्रीखंडासमोर बसताना चेहरा जितका गंभीर ठेवायची त्याला सवय होती, तितकाच ठेवून तो म्हणाला, “आमच्याकडे कुणाला भरल्या पानावरून उठवत नाहीत.”

हॉलिसने त्या पंगतीकडे बघितलं. पट्ट्यात किती हिरवं राहिलंय, ससे किती आहेत, जून किती उरलाय, एवढा हिशेब शेतकऱ्याला नजरेने होतो.

“आमच्याकडेही नाही,” तो म्हणाला आणि त्याने दुसऱ्या झाकणात यतीनसाठी चहा ओतला.

ते बसून राहिले. घोडे येईपर्यंतच्या उरलेल्या शनिवारीही तसेच बसले. ससे जेवले. शेवटच्या शनिवारी हॉलिस उतरून त्या पट्ट्याशी गेला, काठीने गवत बाजूला करत सावकाश फिरला आणि रिकाम्या हातांनी परत आला. खिशातून फाटकाची किल्ली काढून त्याने डॅशबोर्डवर ठेवली.

पावलांची चाहूल लागून पळालेले ससे थोड्या वेळाने परत आले, तेव्हा जाडा ससा जेवण उरकल्यासारखा मागच्या पायांवर बसून तोंड पुसत होता. त्याचं पान आता रिकामं होतं. यतीनने उशी तळव्याने एकदा दाबून घेतली.