केनवडचे एकतीस कागद

मिस पेंटन दोन वर्षांच्या रजेवरून वाशीमला परत आल्या त्या १९३२ च्या हिवाळ्यात. जाताना त्या मिशनच्या खेड्यांतल्या शाळा तपासणाऱ्या बाई होत्या, येताना विद्यार्थिनी होऊन आल्या. अमेरिकेतल्या एका धर्मशास्त्र विद्यालयात त्यांनी डॉक्टरेटसाठी नाव घातलं होतं. विषय ख्रिस्ती शिक्षण. तिथले वर्ग संपले होते. उरला होता प्रबंध, आणि त्याची सामग्री वऱ्हाडातच मिळणार होती. येशूच्या गोष्टी ऐकत शिकणारं खेड्यातलं मूल, मग ते कुठल्याही जातीचं असो, वागण्यात बदलतं का, हा त्यांचा प्रश्न होता. बदलत असेल तर किती, हे त्यांना आकड्यांत मांडायचं होतं.

मदतीला त्यांनी गोमतीबाईला मागून घेतलं. गोमतीबाई इंझोरीच्या मिशन शाळेत शिकवत असे. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १९०० साली, तिचा बाप हेमसिंग तिला वाशीमच्या अनाथाश्रमात सोडून गेला, तेव्हा ती सहा वर्षांची होती. तो परत आला नाही. ती तिथंच वाढली. बाप्तिस्मा तिथंच झाला, लग्नही तिथल्याच एका सुताराशी झालं. नवरा प्लेगात गेला. आता ती चाळिशीला आली होती, आणि इंझोरी, कामरगाव, केनवड या तिन्ही मिशन शाळांतल्या मुलांची बोली तिच्याइतकी मिशनमध्ये दुसऱ्या कुणाला कळत नव्हती.

मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा अशी होती. गोमतीबाईनं मुलांना वीस शब्द सांगायचे, मुलांनी ते कागदावर लिहायचे. कागद गोळा करून मिस पेंटन घेऊन जायच्या आणि कुणाचं काय चुकलं ते वहीत उतरवून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी तेच कागद मुलांना परत द्यायचे, बरोबर शब्द फळ्यावर लिहायचे आणि ज्यानं त्यानं आपले गुण आपण द्यायचे. ज्यानं गुपचूप चूक सुधारली, तो वहीवरून ओळखू यायचा. मुलांना वहीची कल्पना नव्हती.

इंझोरीत अठ्ठावीस मुलांपैकी सतरा जणांनी चुका सुधारल्या. ती गोमतीबाईची स्वतःची शाळा होती. तिनं आकडा लिहिला आणि खाली सही केली. कामरगावला जवळजवळ निम्म्यांनी तेच केलं. केनवडला मुलं एकतीस, आणि एकाही कागदावर खाडाखोड नव्हती. सहा महिन्यांनी परीक्षा पुन्हा घेतली, तरी तेच.

केनवडचे मास्तर रामराव शेतकऱ्याच्या घरचे. ख्रिस्ती नव्हते, पण बायबलातल्या गोष्टी मन लावून सांगत. गावातले उकंडराव देशमुख यांनी शाळेला आपली एक खोली वापरायला दिली होती. मिस पेंटन या खोलीत तीनदा येऊन बसल्या, मास्तरांची शिकवण्याची पद्धत त्यांनी तपशिलानं टिपली. अमेरिकेतल्या प्राध्यापकांना त्यांनी आकडे कळवले तेव्हा उत्तर आलं की केनवड हाच प्रबंधाचा गाभा धरावा. टाइपरायटरवर चाळीस पानांचं प्रकरण तयार झालं.

१९३४ च्या डिसेंबरात गोमतीबाई मुलांच्या घरची माहिती लिहून घ्यायला एकटी केनवडला गेली. गोजराबाई नावाच्या बाईच्या घरी उतरली. गोजराबाई कापूस वेचायला गेली होती, घरी तिची दहा वर्षांची मुलगी रुख्मिणी होती. ती शाळेत हुशार होती. बोलता बोलता तिनं विचारलं, पुन्हा वीस शब्द लिहायचे आहेत का. गोमतीबाईनं नाही म्हटलं. तर ती म्हणाली की बरं झालं, कारण वर्गातल्या गोपीचंदानं मागच्या वेळी बरोबर असलेले दोन शब्दसुद्धा चूक धरले होते.

"काहून?" गोमतीबाईनं विचारलं.

"मास्तरनं सांगतलं ना, खोडू नका म्हणून. मेमसाब सारं वहीत लिवून ठेवते म्हने. गोपीचंदले वाटलं, जितकं चूक तितकं चांगलं."

 गोमतीबाईनं हातातलं घराचं टिपण पुरं केलं आणि शाळेत गेली. रामराव मास्तर एकटेच होते. तिनं विचारलं तसं त्यांनी लपवलं नाही. वही त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिली होती. मिशनकडे पैसा कमी येतो आहे, तीनपैकी दोनच शाळा राहतील, असं त्यांच्या कानावर आलं होतं. शाळा गेली तर गावातल्या महारवाड्यातली अकरा पोरं पुन्हा गुरांमागं जाणार होती, कारण सरकारी शाळेत त्यांना वर्गाबाहेर बसावं लागे.

"मी पोराईले खोटं बोलाले नाई सांगतलं, बाई," ते म्हणाले. "चुकलं तं चुकलं राहू द्या, इतकंच सांगतलं. हे शिकवनं नाई काय?"

गोमतीबाईनं टिपणं पिशवीत घातली. बैलांच्या दमणीत बसून ती वाशीमला परत आली.

त्यानंतर अकरा दिवस ती गप्प राहिली. नाताळ झाला. ती चर्चमध्ये गायली, बोर्डिंगच्या मुलींना लाडू वाटले. प्रबंधाचे कागद जानेवारीत मुंबईला जाऊन बोटीवर चढायचे होते. मिस पेंटन चोपन्न वर्षांच्या होत्या, आणि अभ्यासासाठी रजा त्यांना पुन्हा मिळणार नव्हती, हे गोमतीबाईला माहीत होतं. सांगितलं तर मास्तरांची नोकरी जाईल हेही माहीत होतं. रोज सकाळी मिस पेंटनच्या बंगल्यावर जाऊन ती टाइप केलेली पानं हातानं लिहिलेल्या कागदांशी ताडून पाही. बाराव्या दिवशी केनवडचं प्रकरण पुढ्यात आलं. पहिलं पान तिनं वाचलं आणि ते खाली ठेवून सगळं सांगितलं.

मिस पेंटन ऐकत होत्या. मध्ये त्यांनी फक्त दोन तारखा विचारल्या. मग उठून खिडकीपाशी गेल्या. तिथूनच म्हणाल्या की मास्तरांवर राग नाही, पण मुलांनी आपल्याला हवं ते दाखवलं आणि आपण ते खरं मानलं, याची लाज वाटते.

"तसं तं मीबी दाखवलं होतं," गोमतीबाई म्हणाली.

मिस पेंटननी वळून पाहिलं.

"आश्रमात मी आठ वर्सांची होती. पाद्रीसाहेब इचारत, येशूवर तुझा विश्वास हाय का? मोठ्या पोरी हाव म्हनत. हाव म्हटलं की साहेब हासत, डोक्यावर हात ठेवत. मंग मीबी हाव म्हटलं. विश्वास म्हंजे काय ते मले ठावं नव्हतं. मले तो हात पायजे होता."

"आणि आता?"

"आता हाय."

"कधीपासून?"

गोमतीबाईनं खरंच आठवून पाहिलं. नवरा गेला तेव्हा म्हणावं, तर त्याआधीही काही होतं. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला असताना म्हणावं, तर तेव्हा ती रविवारी डोकं दुखतं असं सांगून निजून राही. "मले तारीख नाई सांगता येत," ती म्हणाली. "खोट्याचं खरं कवा झालं, ते समजलंच नाई."

मिस पेंटननी प्राध्यापकांना सगळं कळवलं. उत्तर यायला अडीच महिने लागले. केनवडचे आकडे वगळावेत आणि शेवटी एक टीप जोडावी, असा सल्ला आला. त्यांनी चाळीस पानं काढली. गोमतीबाईनं आश्रमाबद्दल सांगितलेलं नाव न घालता वापरू का, असं त्यांनी विचारलं. प्रबंधाला खरी दिशा त्यातूनच मिळेल, असं त्यांना वाटत होतं.

"ते तुमाले सांगतलं," गोमतीबाई म्हणाली. "पुस्तकाले नाई."

मिस पेंटननी पुन्हा तो विषय काढला नाही. उरलेल्या दोन शाळांवरून केलेला प्रबंध बेताचाच झाला. त्यातून काही ठाम निघत नव्हतं आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. रामरावांबद्दल मिशनच्या कमिटीला त्यांनी एक अक्षर कळवलं नाही. १९३५ च्या उन्हाळ्यात त्या अमेरिकेला गेल्या, पुढच्या वर्षी त्यांना पदवी मिळाली आणि तिथल्याच एका लहान कॉलेजात शिक्षक तयार करण्याचं काम मिळालं. त्या परत आल्या नाहीत. नाताळला त्यांचं पत्र येत असे.

मिस पेंटन गेल्यावर कमिटीनं खरोखरच एक शाळा बंद केली. प्रबंध कमिटीतल्या कुणी वाचला नव्हता. इंझोरीची खोली भाड्याची होती, केनवडची फुकट होती, म्हणून इंझोरीची शाळा बंद झाली. गोमतीबाईला दुय्यम शिक्षिका म्हणून केनवडला पाठवलं. इंझोरीत तिनं सोळा वर्षं काढली होती. निघताना मुलांच्या आया वेशीपर्यंत आल्या. रंगूबाई नावाच्या म्हातारीनं तिच्या ओच्यात ज्वारी घातली. पोरांसाठी जवळ दुसरी शाळा नव्हती.

केनवडला रामरावांनी खोलीचा अर्धा भाग तिच्यासाठी मोकळा करून ठेवला होता. लहान मुलं तिच्याकडे आली, मोठी त्यांच्याकडे राहिली. दोघांचं जमलं. ते हिशेब तिच्यापेक्षा चांगला शिकवत, ती वाचन. त्या वीस शब्दांच्या परीक्षेची गोष्ट दोघांपैकी कुणीच काढली नाही. चार वर्षांनी, एका सोमवारी मुलं यायच्या आधी, शाईच्या दौती भरताना रामरावांनी विचारलं, "पेंटनबाईनं आपल्या शाळेचं काय लिवलं होतं मंग?"

"काढून टाकलं," गोमतीबाई म्हणाली.

"काहून?"

"मी सांगतलं म्हनून."

रामरावांनी हातातली दौत भरून खाली ठेवली. "मले वाटलंच होतं," ते म्हणाले. दुसरी दौत उचलून पुन्हा म्हणाले, "पन नोकरी तं राह्यली माही."

"त्या मेमसाबनं राखली. मी नाई."

बाहेर मुलं येऊ लागली होती. त्या वर्षी पहिलीत बारा नवी मुलं होती आणि त्यांतल्या चौघांना अजून पाटी धरायची कशी ते येत नव्हतं. रामरावांनी मोठ्या मुलांच्या दोन पाट्या काढून तिच्याकडे दिल्या, आणि गोमतीबाईनं खाली बसून पहिल्या मुलीला बोटांत लेखणी धरायला लावली.