कोळशाची रेघ

सकाळपासून तांबडी कोंबडी अंगणभर फिरत होती. चुलीपाशी येई, वळे, पेरूच्या बागेकडे जाई, पुन्हा येई. पिसं फुललेली, आवाज घशातला, तुटका. तिची टोपली रिकामी होती, आणि ती रेश्मानंच रिकामी केली होती.

रेश्माचं माहेर भिंगारचं. तिथं अंडी दुकानातून यायची, पांढरी, पुसलेली. सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन ती कोल्हारला आली. इथल्या कोंबड्या दिवसभर बागेत उकरत, चरत. अंडी मातकट, एखाद्याला पीस चिकटलेलं. आज राहात्याच्या खानावळवाल्या धनश्रीताई येणार होत्या. अंडं डोळ्यांदेखत फोडून बलक बघणार, रस्सा खाणार, आणि पटलं तर दर आठवड्याची अंडी इथूनच नेणार. त्यांना शब्द रेश्मानंच दिला होता. म्हणून तिनं दिसतील तेवढी अंडी बादलीत टाकून लख्ख धुतली. एकतीस.

त्यांतली अकरा तांबडीखालची. उबवायला ठेवताना सासूनं, मालनबाईंनी, प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढली होती. दुसऱ्या कोंबड्याही त्याच टोपलीत अंडी घालून जात. बिनरेघेचं ते खायचं, रेघेचं ते जिवाचं. रेश्माला वाटलं, काळं लागलंय; तिनं ते घासून काढलं.

मालनबाई घासाचा भारा टाकून वळल्या. कोंबडी पाहिली, बादली पाहिली.

"भिंगारला अंड्यांनाबी आंघुळ घालत्यात व्हय?" एवढंच म्हणाल्या, आणि अंडी पाटीत घेऊन गोठ्यात गेल्या.

गोठ्याच्या पत्र्याला भोक होतं. त्यातून उन्हाची काडी खाली येत होती. मालनबाईंनी मुठीत अंडं धरलं, काडीखाली नेलं. आत लाल जाळं उजळलं, जाळ्यात काळी सावली हलली. एकेक अंडं थंड पडत होतं आणि बाहेर तांबडीचा आवाज थांबत नव्हता.

दहा सापडली. अकरावं सापडेना. ज्यात जीव धरलाच नाही ते उन्हात ताज्यासारखंच दिसतं, मालनबाई म्हणाल्या. पण बारा दिवस ऊब खाऊन ते आतून नासलेलं असणार. तेवढ्यात रस्त्यावर स्कूटी थांबली.

अंगणातली चूल अंड्या-मटणाचीच, कढईही वेगळी. वाटण परतलं, रश्शाला उकळी आली. धनश्रीताई पाटावर बसल्या होत्या. रेश्मानं पहिलं अंडं वाटीत फोडलं. बलक केशरी, ताठ. कढईत सोडलं. दुसरंही वाटीतच.

थेट कढईत का फोडत नाही, ताईंनी विचारलं. मालनबाई चुलीतलं लाकूड उगीच मागेपुढे करत राहिल्या. सवय आहे, असं म्हणून सुटता आलं असतं.

"ताई, यातलं एक नासलेलं आहे," रेश्मा म्हणाली. "कोणतं, ते मला माहीत नाही. चूक माझी." मग धुण्यापासूनचं सगळं सांगून टाकलं.

धनश्रीताई पुढे सरकल्या. उरलेल्यांतलं एकेक उचलून कानाशी हलवू लागल्या. सातवं त्यांनी दोनदा हलवलं.

"हे आत डुचमळतंय. बाजूला ठेव."

मग भाकरी कुस्करून रस्सा खाल्ला, आणखी मागून घेतला. निघताना म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून साठ दे. पण धुवायची नाहीत. धुतलेलं अंडं टिकत नाही. मातीसकट दे, मला कळू दे कुठून आलंय."

स्कूटी गेली. दहा अंडी केव्हाच टोपलीत परतली होती, पण तांबडी कडेला उभी राहून मान वाकडी करून बघत होती. मालनबाईंनी चुलीतला विझलेला कोळसा सुनेच्या हातात दिला. रेश्मा रेघा ओढू लागली तशा त्या हलकेच गुणगुणल्या:

पाखाखाली ऊब, ऊब कुनाला दिसंना,
कोळशाच्या रेघंबिगर माजं मन गं बसंना.

तांबडी आत शिरली. चोचीनं अंडी सरकवली, पुन्हा सरकवली, आणि एकदाची बसली.

अजून नऊ दिवस. थंड पडलेल्यांपैकी किती जगली, ते तेव्हाच कळणार. रेश्मानं भांडी घासायला घेतली, ती अर्ध्यावर टाकून टोपलीपाशी आली, परत गेली, परत आली.